वाचकांचे प्रश्न : जुना फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक घरी दुरुस्त करताना

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे एकाच इच्छेतून लिहिलेली आहेत : चारही चाकांना जोर मिळणारा, मागे उघडा हौदा असलेला जुना ट्रक घरच्या जागेत दुरुस्त करून पुन्हा कामाला लावायचा. डॉजचा १९४६ चा पॉवर वॅगन, १९४७ पासूनचा विलिसचा ट्रक, १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात प्रथम मांडलेली लँड रोव्हर, टोयोटा लँड क्रूझरची ४० मालिका अशा वेगवेगळ्या वाहनांचे हे प्रश्न असले, तरी या सर्वांची मूळ रचना सारखीच आहे. बॉडीपासून वेगळी चॅसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, पुढे-मागे अखंड ॲक्सल, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि गिअरबॉक्सच्या मागे बसवलेली, पुढच्या व मागच्या चाकांना जोर वाटून देणारी ट्रान्सफर केस. त्यामुळे एकाला दिलेले उत्तर बहुधा दुसऱ्यालाही उपयोगी पडेल.

प्रश्न : अनेक वर्षे शेडमध्ये उभा असलेला ट्रक मी विकत घेतला आहे. सगळे भाग सुटे करावेत, प्रत्येक भाग नव्यासारखा करावा आणि मग जोडणी करावी, असा माझा विचार आहे. सुरुवात कोठून करू?

उत्तर : सगळे भाग सुटे करण्याचा बेत आपण तूर्त बाजूला ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. प्रथम चॅसीवर ठोकलेला क्रमांक स्वच्छ करून तो नोंदणीच्या कागदांशी ताडून पाहा, कारण तो जुळत नसेल तर पुढचा सगळा खर्च अधांतरी राहतो. त्यानंतर शक्य असेल तर गाडी आहे त्या अवस्थेतच सुरू करून अंगणात दोन-चार मीटर पुढे-मागे हलवून बघा. कोणता गिअर सुटतो, कोणती बेअरिंग घरघरते, क्लच घसरतो की चिकटतो, हे जोडलेली गाडीच सांगू शकते. एकदा ती सुटी झाली की ही माहिती हातची जाते आणि मग चांगला भागही संशयाने बदलावा लागतो. शिवाय पूर्ण सुटा केलेला ट्रक उभ्या ट्रकच्या कितीतरी पट जागा व्यापतो आणि अशा कामांचा शेवट अनेकदा खोकी भरून विकण्यात होतो.

म्हणून काम टप्प्याटप्प्याने करावे : आधी चॅसी, मग ब्रेक, ॲक्सल आणि स्टिअरिंग, मग इंजिन आणि गिअरबॉक्स, मग वायरिंग आणि अगदी शेवटी पत्रा व रंग. हा क्रम मनाला रुचत नाही, कारण रंगाचे काम दिसते आणि चॅसीचे दिसत नाही. पण गाडी वाचवण्याजोगी आहे की नाही हे चॅसी ठरवते आणि ती रस्त्यावर आणावी की नाही हे ब्रेक ठरवतात. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी दोन बाजूंनी छायाचित्र घ्या आणि निघालेले नट-बोल्ट शक्य तेथे त्यांच्याच भोकात हाताने परत फिरवून ठेवा. आटे नीट ओळखा, कारण त्यांची मापे देशागणिक वेगळी आहेत : जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ आणि बीएसएफ, अमेरिकन गाड्यांत यूएनएफ आणि यूएनसी, तर जपानी गाड्यांत मेट्रिक मापाचे आटे असतात. जवळपास बसणारा पाना वापरला की बोल्टचे डोके गोल होते, आणि जवळपास बसणारा नट दोन आटे चढून तिसऱ्याला तो खराब करतो. गंजलेल्या बोल्टवर काही दिवस गंज सोडवणारे तेल मुरू द्या आणि सोडवण्यापूर्वी तो किंचित आवळून बघा; गंजाची पकड बहुतेक वेळा त्या उलट्या हालचालीने सुटते.

सुरक्षेची एक गोष्ट येथेच सांगतो. विलिस, सीरिज लँड रोव्हर (म्हणजे लँड रोव्हरची सुरुवातीची मॉडेले) आणि त्यांच्यासारख्या अनेक गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागच्या प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे ॲक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्यावर असतो. अशा गाडीचे मागचे एक चाक जॅकने उचलले, की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या रचनेमुळे) हँडब्रेक ओढलेला असतानाही गाडी घरंगळू शकते. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावल्याशिवाय जॅक लावू नका आणि घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवल्याशिवाय कोणत्याही कारणाने गाडीखाली जाऊ नका.

प्रश्न : माझ्या ट्रकची चॅसी बाहेरून बरी दिसते, पण मागच्या आडव्या पट्टीजवळ हातोडी मारली तर बद्द आवाज येतो. ओळखीचे एक वेल्डर म्हणतात की वरून पट्टी मारून टाकू. असे करावे का?

उत्तर : असे करू नये. बद्द आवाज येतो त्या ठिकाणी आतून धातू गेलेला आहे. त्यावर पट्टी मारली तर गंज झाकला जातो, त्या दोन पत्र्यांच्या फटीत पाणी साठते आणि पट्टीच्या कडेचा चांगला धातूही वेल्डिंगच्या उष्णतेने व ओलाव्याने पातळ होत जातो.

चॅसीचा प्रकार येथे महत्त्वाचा आहे. लँड रोव्हरची चॅसी चार पट्ट्या जोडून केलेल्या पोकळ पेटीसारखी असते. चिखल आणि पाणी आत शिरते, बाहेर पडत नाही आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरचा रंग फुगलेला दिसेपर्यंत बराच धातू संपलेला असतो. उघड्या सी-आकाराच्या चॅसीत पाणी साठत नाही, पण जेथे मजबुतीसाठी दुसरा पत्रा जोडलेला असतो तेथे दोन्हींच्या मध्ये गंज वाढून ते एकमेकांपासून अलग होऊ लागतात. दोन्ही प्रकारांत पाट्यांचे हँगर, शॅकलच्या (पाट्याचे टोक चॅसीला जोडणाऱ्या हलत्या कड्यांच्या) जागा, मागची आडवी पट्टी, बॉडी पेलणारे बाहेर आलेले हात आणि पेट्रोलच्या टाकीमागचा भाग या जागा हातोडी आणि टोकदार ओरखडणी घेऊन इंचाइंचाने तपासाव्यात. आवाज टणक आला तर धातू शाबूत आहे. टोक आत घुसले तर तेथपर्यंत कापावे लागणार, हे धरून चाला.

दुरुस्तीची योग्य पद्धत म्हणजे गंजलेला भाग पूर्ण, चमकता चांगला धातू लागेपर्यंत कापून काढणे आणि मूळ जाडीचाच, म्हणजे बहुतेक गाड्यांत दोन ते तीन मिलिमीटरचा पत्रा त्या जागी कडेला कड भिडवून बसवणे. तुकड्याचे कोपरे गोल करावेत, कारण टोकदार कोपऱ्यातून चीर सुरू होते. चॅसीच्या लांब दांड्यांवर नेमक्या आडव्या रेषेत सांधा घेण्यापेक्षा तो तिरका घ्यावा, म्हणजे वाकण्याचा सगळा ताण एका रेषेवर येत नाही. कापण्यापूर्वी चॅसीला दोन्ही बाजूंनी भक्कम आधार द्यावा आणि दोन्ही कर्णांची मापे लिहून ठेवावीत; समोरासमोरच्या ठरावीक बिंदूंमधील कर्ण सारखे नसतील तर चॅसी आधीच तिरकी झालेली आहे आणि ती सरळ केल्याशिवाय वेल्डिंग करणे म्हणजे तो दोष कायमचा पक्का करणे होय. आधी टाके घालावेत, पुन्हा मापे घ्यावीत आणि मग थोडे-थोडे, आलटून-पालटून दोन्ही बाजूंनी वेल्डिंग करावे.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी व नळ्या काढून दूर न्या आणि काम संपल्यावर निदान तासभर तेथे कोणीतरी लक्ष ठेवील असे पाहा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते. ब्रेक स्वच्छ करण्याचा क्लोरीनयुक्त फवारा जेथे मारला असेल तेथे वेल्डिंग कधीही करू नये, कारण त्या उष्णतेत फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. जस्ताचा मुलामा असलेल्या भागावरील जस्त आधी घासून काढावे, नाही तर त्या धुराने ताप येतो. आणि वेल्डिंगचा सराव नसेल तर भंगारातील पत्र्यांवर हात बसेपर्यंत चॅसीला हात लावू नका. कापणे, घासणे आणि मापे घेणे आपण करून नेमके वेल्डिंग जाणकार माणसाकडून करून घेण्यात कोणताही कमीपणा नाही.

दुरुस्तीनंतर चॅसीच्या आतल्या पोकळीत लांब नळीने पातळ मेण फवारावे. पाणी निघून जाण्याची मूळ भोके बुजवू नयेत. पुष्कळ लोक जाड डांबरी थर देऊन निश्चिंत होतात, पण तो थर कोठे सुटला की त्याखाली पाणी अडकते आणि गंज दिसेनासा होतो.

प्रश्न : इंजिन जाम आहे. सेल्फ लावला तर नुसता ठक असा आवाज येतो. दुसऱ्या गाडीने ओढून सुरू करू का?

उत्तर : कृपया ओढू नका. उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असतात आणि एखादा व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असू शकतो. जोराने फिरवले तर रिंग तुटते, व्हॉल्व्हचा दांडा वाकतो आणि थोड्या धीराने सुटले असते ते इंजिन पूर्ण उघडावे लागते.

सर्व स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे गंज सोडवणारे तेल घाला आणि काही दिवस तसेच राहू द्या. दरम्यान टॅपेटचे झाकण काढून सगळे व्हॉल्व्ह वर आले आहेत का हे पाहा. साइड-व्हॉल्व्ह इंजिनात, उदाहरणार्थ विलिसच्या २.२ लिटरच्या जुन्या इंजिनात, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात आणि अडकलेला व्हॉल्व्ह बाजूच्या झाकणातून दिसतो. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुढच्या नटावर लांब पाना लावा आणि पुढे-मागे अगदी थोडे हलवा. एका अंशाची हालचाल मिळाली तरी ती उत्तम खूण समजा. तीच रोज थोडी वाढवत न्यायची. इंजिन मोकळे फिरू लागले की जुने तेल व फिल्टर बदलून, प्लग न लावता, सेल्फने फिरवून तेलाचा दाब येतो का ते पाहा. त्यानंतरच कॉम्प्रेशन मोजा. येथे आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरक अधिक बोलका असतो. एखादा सिलिंडर खूप कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा : दाब वाढला तर रिंगांकडे, न वाढला तर व्हॉल्व्हकडे किंवा हेडच्या पॅकिंगकडे पाहावे.

टाकीतले जुने पेट्रोल कधीही इंजिनात जाऊ देऊ नका. आजच्या पेट्रोलमध्ये बहुधा इथेनॉल असते; ते पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा खराब करते, म्हणून हे भाग इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवावेत. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले इंजिन उघडावेच लागले, तर त्याच वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडा) कठीण धातूच्या करून घ्याव्यात.

प्रश्न : माझा ट्रक चालू झाला. फोर-व्हील लावून पक्क्या रस्त्यावर थोडे अंतर चालवल्यावर स्टिअरिंग जड होते, वळणावर टायर कुरकुरतात आणि लिव्हर परत टू-व्हीलमध्ये येत नाही. ट्रान्सफर केस खराब झाली आहे का?

उत्तर : बहुधा ती खराब झालेली नाही. तिला जे काम करायला सांगितले गेले आहे, ते त्या रस्त्यावर करताच येत नाही.

या जुन्या ट्रकांतील बहुतेकांची फोर-व्हील-ड्राइव्ह गरजेपुरती लावायची असते आणि तिच्यात पुढचा आणि मागचा ॲक्सल यांच्या दरम्यान वेगळे डिफरन्शियल नसते. लिव्हर लावला की दोन्ही प्रोपेलर शाफ्ट दातांनी एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळताना मात्र पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणजे त्यांना अधिक फेऱ्या घ्याव्या लागतात. चिखलात किंवा वाळूत चाक किंचित घसरून हा फरक भरून काढते. कोरड्या पक्क्या रस्त्यावर ते घसरू शकत नाही, म्हणून फरकाचा पीळ शाफ्ट, गिअर आणि ॲक्सलच्या आसांत (आतून चाके फिरवणाऱ्या दांड्यांत) साठत जातो. लिव्हर अडकतो तो या पिळामुळे. तसेच चालवत राहिल्यास सर्वांत कमकुवत भाग मोडतो, आणि तो बहुधा पुढच्या ॲक्सलचा सांधा किंवा मागचा आस असतो. लँड रोव्हरच्या पहिल्या, १९४८ ते १९५० च्या गाड्यांत चारही चाके कायम जोडलेली असत, पण पुढच्या बाजूला फ्रीव्हील (शाफ्टपेक्षा जास्त वेगाने चाकांना मोकळे फिरू देणारी रचना) बसवून हाच पीळ टाळला होता.

लिव्हर अडकला तर त्याच्यावर जोर काढू नका. गाडी मऊ जमिनीवर न्या किंवा स्टिअरिंग सरळ ठेवून काही मीटर मागे घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर सहज येतो. पिळलेल्या अवस्थेत एखादे चाक जॅकने उचलणे टाळावे, कारण ते अचानक फिरून इजा करू शकते.

तथापि सरळ रस्त्यावरही असे होत असेल तर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, टायर. पुढे ७५० मिलिमीटर व्यासाचे नवे टायर आणि मागे झिजून ७३० मिलिमीटर झालेले टायर असतील, तर दर किलोमीटरला मागची चाके अंदाजे अकरा-बारा फेऱ्या जास्त घेतात आणि तेवढा पीळ सरळ रस्त्यावरही पडत राहतो. चारही टायर एकाच मापाचे, एकाच प्रकारचे आणि सारखेच झिजलेले असावेत. दुसरी, ॲक्सलचे गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या किती फेऱ्या होतात तो आकडा. जुन्या ट्रकमध्ये मोडलेला ॲक्सल कोणीतरी दुसऱ्या गाडीचा काढून बसवलेला असण्याची शक्यता नेहमी असते. सीरिज लँड रोव्हरमध्ये हे गुणोत्तर ४.७ आहे, दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपमध्ये ४.८८ आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या सीजे-२ए मध्ये ५.३८. दोन्ही ॲक्सल घोड्यांवर उचला, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, एका ॲक्सलची दोन्ही चाके एकत्र एक पूर्ण फेरी फिरवा आणि तिचा प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते खडूच्या खुणेने मोजा. मग दुसऱ्या ॲक्सलचे तसेच करा. आकडे वेगळे आले, तर फोर-व्हील लावण्याआधी ॲक्सल जुळवणे हाच एक उपाय आहे.

प्रोपेलर शाफ्ट काढला असेल तर परत बसवताना त्याच्या दोन्ही टोकांचे योक (सांधा धरणारे दुबेळके) एका रेषेत आहेत ना, हे पाहा. योकमध्ये बसणारा क्रॉस, म्हणजे अधिक चिन्हासारखा सांधा, तिरक्या कोनात फिरताना एका फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो फरक पुसून टाकतो, पण योक एका रेषेत असतील तरच. सरकत्या सांध्यात शाफ्ट एक दात चुकून बसला, तरी सगळी गाडी थरथरू लागते. पुढच्या चाकांना मोकळे करणारे हब बसवलेले असतील, तर ते अधूनमधून जोडून गाडी चालवावी. पुढचा आस फिरत नसेल तर वळणाऱ्या सांध्याच्या वरच्या बेअरिंगला तेल पोहोचत नाही. डिफरन्शियलला चालणारे जीएल-५ श्रेणीचे गिअर तेल पितळी सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) असलेल्या गिअरबॉक्समध्ये घालण्यापूर्वी उत्पादकाने कोणती श्रेणी सांगितली आहे ते पाहावे. त्या तेलातील काही रसायने पितळाला मारक ठरतात.

प्रश्न : एका खड्ड्यावरून गेल्यावर पुढची चाके जोरात डावी-उजवीकडे हलू लागतात आणि गाडी जवळजवळ थांबवावी लागते. स्टिअरिंग डँपर बसवला तर जाईल का?

उत्तर : डँपरने, म्हणजे स्टिअरिंगचे हादरे शोषणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरने, ते काही काळ दबेल, आणि म्हणूनच तो आधी बसवू नये, कारण शोधण्याआधी लक्षण झाकणे अखंड पुढच्या ॲक्सलच्या गाडीत धोक्याचे आहे. इंजिन बंद ठेवून एका माणसाला स्टिअरिंग पुढे-मागे हलवायला सांगा आणि आपण खाली पाहा : टाय-रॉडचे सांधे, ड्रॅग लिंक, स्टिअरिंग बॉक्सचे चॅसीवरील बोल्ट, पाट्यांचे बुश. मग चाक उचलून वर आणि खाली धरून हलवा. एखाद्याने ब्रेक दाबून धरल्यावरही खेळ राहिला तर किंगपिनची (चाक डावी-उजवीकडे ज्या उभ्या खिळीवर वळते तिची) बेअरिंग सैल आहे, आणि ब्रेक दाबताच खेळ थांबला तर चाकाची. किंगपिनच्या बेअरिंगवर थोडा ठरावीक घट्टपणा असावा लागतो आणि तो झाकणाखालचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, काढून-घालून जुळवतात. तोच ढिला पडणे हे या थरथरीचे नेहमीचे कारण आहे. गाडी उंच दिसावी म्हणून पाट्यांखाली काही घातले असेल तर ॲक्सलचा मागे झुकलेला कोन बदललेला असू शकतो. तो कमी झाला की चाके आपोआप सरळ होत नाहीत.

प्रश्न : ब्रेक पेडल जमिनीपर्यंत जाते. मी ड्रम उघडून हवेच्या नळीने साफ करणार आहे आणि मास्टर सिलिंडरचे किट बदलणार आहे. एवढे पुरेल ना?

उत्तर : हवेची नळी अजिबात वापरू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर तिचे परिणाम अनेक वर्षांनंतरही दिसतात. धूळ पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बंद करून टाकावे.

केवळ किट बदलणे पुरेसे नाही. या गाड्यांपैकी बहुतेकांत ब्रेकची एकच तेलवाहिनी आहे, म्हणजे कोठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून लोखंडी नळ्या, रबरी होज, चाकांचे सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर एकाच वेळी नवे करावेत. जुना होज बाहेरून चांगला दिसतो, पण आतून फुगून तेल परत येऊ देत नाही आणि एक चाक धरून ठेवतो. डॉट ३ आणि डॉट ४ या श्रेणींची ब्रेक तेले हवेतील ओलावा ओढतात. कोरड्या अवस्थेत त्यांचा उत्कलनबिंदू अनुक्रमे किमान २०५ आणि २३० अंश सेल्सियस असावा लागतो, पण ओलावा शोषल्यावर त्यांच्याकडून १४० आणि १५५ अंशांचीच अपेक्षा धरलेली आहे. उतारावर भरलेल्या ट्रकला हा फरक जाणवतो. डॉट ५ हे सिलिकोनचे तेल यांच्यात मिसळू नये. मूळ रचनेचा आदर मलाही आहे, तरी आपल्या मॉडेलला बसणारा दोन वाहिन्यांचा मास्टर सिलिंडर मिळत असेल तर तो बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : सहा व्होल्टची गाडी बारा व्होल्टची करावी का? दिवे फार मंद आहेत.

उत्तर : आधी अर्थिंग साफ करा. साठ वॅटच्या दिव्याला सहा व्होल्टवर दहा ॲम्पिअर लागतात, बारावर पाच. त्यामुळे गंजलेल्या जोडावर अर्धा व्होल्ट गेला तर सहा व्होल्टच्या गाडीत तो आठ टक्क्यांहून अधिक तोटा असतो. चॅसी, इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या पट्ट्या चमकत्या धातूवर बसवल्या आणि मूळ जाडीची तार ठेवली तर सहा व्होल्टचे दिवे ठीक जळतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक अर्थला जोडलेले असते हे विसरू नका. बॅटरी उलटी जोडून नवे इलेक्ट्रॉनिक उपकरण लावले तर ते क्षणात जळते. वायरिंग नवे कराल तेव्हा मूळ गाडीत नसले तरी प्रत्येक शाखेला फ्यूज घाला.

प्रश्न : हा ट्रक माझ्या वडिलांचा होता. दारावर त्यांच्या व्यवसायाचे हाताने रंगवलेले नाव अजून पुसट दिसते. घरचे म्हणतात की सगळा रंग काढून नवा कोरा दिसेल असा करावा. आपले मत काय?

उत्तर : ते नाव ठेवावे. पत्रा पुन्हा घडवता येतो, रंग पुन्हा देता येतो, पण ज्या हाताने ते अक्षर काढले तो हात परत आणता येत नाही. दाराच्या कडा आणि तळ गंजले असतील तर तेवढाच भाग कापून दुरुस्त करा, जुन्या रंगावरील मळ सौम्य साबणाने काढा आणि अक्षरांवर पातळ मेण लावा. बाकीच्या गाडीचा रंग त्या दाराशी जुळवून घ्या. दाराला बाकीच्या गाडीशी जुळवू नका.

उरलेला जुना रंग काढताना तो शिसेयुक्त असण्याची शक्यता गृहीत धरा : कोरडा घासू नका, ओला घासा, योग्य फिल्टरचा मास्क वापरा आणि पोरांना दूर ठेवा. पातळ सपाट पत्रा वाळूच्या माऱ्याने वाकतो, म्हणून तो मारा चॅसी आणि ॲक्सलपुरताच ठेवावा. तोही वाळूऐवजी सिलिका नसलेल्या खड्याने करून घ्यावा. लँड रोव्हरचा पत्रा ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. तो जेथे लोखंडाला टेकतो तेथे ओलावा मिळताच पांढरी भुकटी होऊन झिजतो, म्हणून मधे रबर किंवा प्लास्टिकची पट्टी द्यावी आणि अस्तरही ॲल्युमिनियमवर धरणारेच घ्यावे. पत्र्यावरचे खड्डे भरायची लांबी (पुट्टी) कमीत कमी वापरा. दोन घटकांचे, हार्डनर घालून फवारायचे रंग घरी मारू नयेत, कारण त्यांतील आयसोसायनेट श्वासात गेल्यास कायमचा दमा होऊ शकतो आणि साधा मास्क त्याला अडवत नाही. ब्रशने किंवा रोलरने दिलेला एका घटकाचा इनॅमल रंग कामाच्या ट्रकला पुरेसा असतो आणि ओरखडा पडला तर तेवढीच जागा दुरुस्त करता येते.

प्रश्न : काम संपत आले आहे. पहिल्यांदा बाहेर काढताना काय पाहावे?

उत्तर : पाट्यांचे बुश आणि शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, तिचे वजन पडलेले असताना आवळा. हवेत लटकत असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत धरले जाते आणि लवकर फाटते. ॲक्सल पाट्यांना धरून ठेवणारे यू-बोल्ट जुने परत वापरू नका. पहिली फेरी रिकाम्या, सपाट जागेत, हौद्यात भार न ठेवता घ्या आणि वेग वाढवण्याआधी कमी वेगात अनेकदा ब्रेक लावून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहा. परत आल्यावर चारही ड्रमना हात न लावता केवळ जवळ धरून उष्णता ताडा. एखादा इतरांपेक्षा बराच तापलेला असेल तर तेथे ब्रेक धरून राहतो आहे. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट, यू-बोल्ट आणि प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा ठरलेल्या जोराने आवळा, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल यांतील तेलाची पातळी बघा आणि डिफरन्शियलच्या निघणाऱ्या बोल्टवर चमकता चुरा दिसतो का तेही पाहून ठेवा. भार घालण्याचा विचार त्यानंतर करावा.